पहिली ओळ मशीन वाचत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. नियम तीन. घडलं तेच लिहायचं. स्वतःची बाजू घ्यायची नाही. रोज लिहायचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच लिहितो आहे, पासवर्ड लावून. घरी वही ठेवली की बायको वाचते, आणि वर शुद्धलेखन तपासते.

वस्तुस्थिती. मास्तर जाऊन आज चाळीस दिवस झाले. या बस डेपोची कॉम्प्युटरची खोली त्यांनी सव्वीस वर्षं एकट्याने चालवली. एकट्याने म्हणजे, शेवटची अकरा वर्षं मी होतो. कुठल्या ड्रायव्हरने कुठली बस किती वाजता काढायची, याचा चार्ट रोज पहाटे पाचला आपोआप तयार होतो. त्यामागे मास्तरांचे एकसष्ट प्रोग्राम आहेत. पहिला दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत शेवटचा तयार चार्ट एका फोल्डरमध्ये टाकतो. टाइमकीपरच्या केबिनमधलं छपाईचं मशीन रोज पहाटे त्या फोल्डरमध्ये जे असेल ते छापतं. वॉचमन कागद बोर्डावर लावतो.

हे सगळं आता माझ्याकडे. हुद्दा: प्रभारी प्रमुख. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सगळं साफसूफ करून आपल्या हाताखाली घ्या, मग ते 'प्रभारी' काढून टाकू. अकरा वर्षं सहायक राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही. नियमात बसत नाही.

साहेबांनी हेही विचारलं की यातले प्रोग्राम तुम्ही किती लिहिलेत. मी म्हणालो, बरेच.

नियम दोनप्रमाणे स्वतःला विचारतो: बरेच म्हणजे किती? चार प्रोग्राममधल्या टिपा मी सुधारल्या आहेत. एकात तारखेतल्या रेघा बदलल्या होत्या, त्या मास्तरांनी पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. म्हणजे लिहिला असा एकही नाही. पण ते लिहिले जात असताना मी खोलीत होतो. भावनेने पाहिलं तर 'बरेच' हे खोटं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साफसफाई सुरू. मास्तरांचं खातं मशीनवरून काढलं. माणूस गेला की त्याचं खातं ठेवायचं नाही, हा सुरक्षिततेचा साधा नियम आहे. आधी त्यांच्या फोल्डरचा बॅकअप घेतला. बॅकअप त्याच फोल्डरमध्ये ठेवला, म्हणजे पुढे शोधायला सोपं. मग फोल्डरसकट खातं काढलं. एकसष्ट प्रोग्राम डेपोच्या सामाईक कपाटात, म्हणजे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का नाही.

काढण्यापूर्वी हजेरीच्या नोंदी पाहिल्या. मास्तर रोज पहाटे पाचला मशीनवर हजर. त्यांना पोचवून आलो, त्या दिवशीही पाच वाजून शून्य मिनिटं. दुसऱ्या दिवशीही. आज पहाटेही. कारण मला माहीत आहे. चार्टचं काम त्यांच्या नावाखाली लावलेलं होतं, म्हणून मशीन रोज त्यांच्या नावाने उठत होतं. कारण अगदी स्वच्छ माहीत आहे. तरी ती यादी मी शेवटपर्यंत वाचली नाही.

काम आता माझ्या नावाखाली लावलं. मग दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. खरं म्हणजे एक मिनिट दहा सेकंद. फोन वाजला.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.५०

चार्ट आला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मशीन म्हणतं, पहिला प्रोग्राम सापडत नाही. मी पाहिलं. आहे. ६.१० ला पाहिला, आहे. ६.१४ ला उघडून आतून वाचला. मशीनला पुन्हा सांगितलं, चालव. मशीन म्हणालं, अशी फाइल नाही. ६.२० ला तिच्यावर बोट ठेवलं, म्हणजे काचेवर. आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. फाइलच्या शेजारी मालकाचं नाव असतं. तिथे काल 'मास्तर' होतं. आज नुसता आकडा आहे: १००३. नाव काढलं की आकडा उरतो, हे पुस्तकात आहे. पुस्तकात असल्यामुळे बरं वाटायला हवं होतं.

टाइमकीपर बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हाताने चार्ट लिहिला. बाई एकोणीस वर्षं त्या केबिनमध्ये आहेत, बहात्तर ड्रायव्हरांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. बारा बस उशिरा सुटल्या. पैलवान म्हणून एक ड्रायव्हर आहे, त्याने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, फाइल सापडत नाही म्हणजे काय हो, काल तर होती, न सांगता रजेवर गेली का? मी हसलो नाही. हसायला हवं होतं. प्रमुखाने हसावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार्ट नाही. बाई आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, मास्तरांचं खातं काढलंत का हो तुम्ही? ते म्हणायचे, बाकी काय वाटेल ते पाडा, माझं दार तेवढं पाडू नका. मी शांतपणे सांगितलं की खात्याचा आणि फाइल न सापडण्याचा काही संबंध नाही, या तांत्रिक बाबी आहेत. बाई म्हणाल्या, असतील बाबा, मी आपली कॅलेंडर शोधते.

बाई मनाने चांगल्या आहेत. पण आपला प्रांत ओळखायला हवा.

संभाव्य कारणं: व्हायरस. जुनी डिस्क. कुणाचा तरी मत्सर.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२

तीन दिवस लिहिलं नाही. नियम तीन मोडला. कारण: परिस्थिती.

महत्त्वाचा शोध. सगळ्या प्रोग्रामची पहिली ओळ एकच आहे. जाळीच्या चिन्हाने (#) सुरू होते, पुढे उद्गारचिन्ह, आणि मग मास्तरांच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता. एकसष्ट वेळा. मास्तरांना आपलं नाव मिरवायची हौस होती, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जाळीच्या चिन्हाची ओळ म्हणजे टीप. टीप माणसांसाठी असते, मशीन ती वाचत नाही. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि शिकवलेलं मी विसरत नाही. म्हणजे ही ओळ लेटरहेडसारखी. निरुपद्रवी.

पण डोळ्यांसमोर सारखं तेच नाव येतं. कुठलीही फाइल उघडा, मास्तर दारात उभे.

खोलीबद्दल. खिडकी बस धुण्याच्या जागेकडे उघडते. बस धुताना काचेवरून पाणी उतरतं आणि पलीकडचा माणूस लांबट, वाकलेला दिसतो. आज अकराच्या सुमारास तिथे एकजण बराच वेळ उभा होता, मास्तरांसारखा एक खांदा खाली पाडून. मी बाहेर जाऊन पाहिलं. होजपाइप खुंटीला टांगलेला होता. मास्तरांच्या खुर्चीवर मी अजून बसत नाही. स्टुलावरूनही कीबोर्डपर्यंत हात पोचतो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. हे फक्त नोंदीसाठी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फार विचित्र. पहिला प्रोग्राम मी स्वतः हात धरून चालवला, म्हणजे तो ज्या भाषेत लिहिलाय तिचं नाव मशीनला आधी सांगितलं आणि मग फाइल दिली. चालला! तीन सेकंद चालला. मग त्याने दुसऱ्याला हाक मारली आणि मशीन म्हणालं, दुसरा सापडत नाही. दुसऱ्याला हात धरून चालवलं, तो चालला. तिसरा नाही.

मी शेजारी असलो की असतात. एकटं सोडलं की नसतात.

निश्चय: उद्यापासून पहाटे पावणेपाचला येऊन एकसष्टच्या एकसष्ट हाताने चालवायचे. प्रमुखाने उदाहरण घालून द्यावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.१५

गजर ऐकू आला होता. पण अशा मनःस्थितीत पहाटे मशीनला हात लावणं धोक्याचं ठरलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर संपूर्ण नवा प्रोग्राम लिहिला. तीन ओळी. पहिल्या ओळीत मास्तरांचा पत्ता नाही, शोभेसाठी पुस्तकातला घातला. मास्तरांचा हातसुद्धा लागलेला नाही अशी ही फाइल. आज डेपोत आणून चालवली.

सापडत नाही.

पुस्तकाशी एकेक अक्षर ताडून पाहिलं, चार वेळा. एका अक्षराचा फरक नाही. मग फाइलचं वजन पाहिलं. दिसतात त्याहून तीन अक्षरं जास्त. ओळी तीन, जास्तीची अक्षरं तीन. प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी बसलं आहे, जे मला दिसत नाही आणि मशीनला दिसतं.

बायको केमिस्टच्या दुकानात औषधं देते, तिला रोज अक्षर न लागणाऱ्या चिठ्ठ्या वाचायच्या असतात. तिला सांगितलं. ती म्हणाली, अरे, आपला लॅपटॉप वेगळ्या पठडीतला आहे, प्रत्येक ओळीला तो आपली शेपटी लावत असेल, विचार ना कुणाला तरी. मी म्हणालो, कुणाला विचारू? मास्तरांना? ती म्हणाली, त्यांना विचारण्यासारखं अकरा वर्षांत खूप होतं, तेव्हा का नाही विचारलंस?

या प्रश्नाचा तांत्रिक बाजूशी संबंध नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.०५

निर्णय. एकसष्ट प्रोग्राममधून मास्तरांची ओळ काढून टाकायची. मशीन ती वाचत नाही, तेव्हा तिच्यामुळे चालत नाहीत असं मी म्हणत नाही. पण मला वाचावी लागते. आपल्या पायावर उभं राहण्याच्या दृष्टीने हे प्रतीकात्मक पाऊल. आज पहिल्यापासून सुरुवात.

सकाळी १०.४०

क्रमाने लिहितो.

पहिल्या प्रोग्राममधली ओळ काढली. चालवला. 'सापडत नाही' आलं नाही. काहीच आलं नाही. मग माउसचा बाण नाहीसा झाला. त्याच्या जागी एक बारीक क्रॉस. मी माउस हलवला, क्रॉस हलला. बंदुकीच्या दुर्बिणीत असतो तसा. काही टाइप होईना. रोजनिशीची खिडकी बाजूला उघडीच होती, तीन तारखेचे नियम वाचत होतो. तिच्यावर क्लिक केलं.

मशीन एकदा वाजलं. थांबलं. मग दोनदा वाजलं.

क्रॉस पुन्हा आला. पुन्हा क्लिक, पुन्हा एकदा, मग दोनदा. असं तीन वेळा. मग सगळं शांत. बाण परत आला, जणू कुठे गेलाच नव्हता.

चार्टच्या फोल्डरमध्ये तीन नव्या फाइली. मी केलेल्या नाहीत. एकीचं नाव 'टाइम'. उघडली. आत माझ्याच स्क्रीनचा फोटो. मी पाहत होतो तेच, अगदी त्याच क्षणाचं, कुणीतरी माझ्या खांद्यावरून पाहिल्यासारखं.

मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. रिकामी असणारच.

मशीन बंद न करता खोलीला कुलूप लावतो आहे. त्या फाइलींना हात लावणार नाही. तब्येतीच्या कारणाने अर्धी रजा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

आज पहाटे चार्टच्या मशीनने तेरा दिवसांनी कागद छापले. तीन. वॉचमनचं काम कागद लावण्याचं, वाचण्याचं नाही. त्याने ते तिन्ही बोर्डावर लावले, चार कोपऱ्यांना चार टाचण्या.

तीन फेब्रुवारीचं पान. तीनदा.

मी आलो तेव्हा बोर्डापुढे निम्मा डेपो उभा होता. कुणी ओरडलं नाही. ते बरं झालं असतं. पैलवान पुढे आला आणि फार अदबीने म्हणाला, साहेब, आज मी कुठली बस काढू? भावनेने पाहिलं तर सात नंबर माझी आहे. मागून कुणीतरी म्हणालं, मी काल शेडमध्ये होतो, म्हणजे बरीच इंजिनं मीच बांधली. एकाने विचारलं, वहिनी शुद्धलेखन घरी येऊन तपासतात की वही पाठवायची?

बाईंनी तिन्ही कागद काढले. घडी केली. माझ्या हातात दिले नाहीत, टेबलावर ठेवले. म्हणाल्या, चहा घ्या आधी.

दुपारी ३

साहेबांनी बोलावलं. चौथी प्रत त्यांच्याकडे होती, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली. साहेब चिडलेले नव्हते. म्हणाले, एकही नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मास्तर दर वर्षी अहवालात लिहायचे. तुम्ही 'एकही नाही' म्हणाला असतात तरी प्रमुख तुम्हालाच केलं असतं. माणूस विचारून शिकतो. मला फक्त पाहायचं होतं तुम्ही विचाराल का.

मी सांगितलं की बिघाड माझ्यामुळे नाही, मशीनमध्ये काहीतरी आहे. काहीतरी म्हणजे काय, ते विचारू लागले. मी सांगू लागलो: आकडा, क्रॉस, तीन वेळा वाजणं, काचेपलीकडचा माणूस. साहेबांनी मध्येच पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग बाईंना बोलावलं.

बाईंना मास्तरांच्या खुर्चीत बसायला काही वाटलं नाही. पहिली ओळ पाहिली आणि मला म्हणाल्या, अहो, ही तेवढी एकच मशीन वाचतं. हा प्रोग्राम मशीनला समजावून सांगणारा, म्हणजे दुभाष्या, कुठे बसतो, त्याचा पत्ता आहे हा. मास्तरांनी तो आपल्या घरात, म्हणजे स्वतःच्या फोल्डरमध्ये, बसवला होता, डेपोतला जुना होता म्हणून. तुम्ही घर पाडलंत. तो सापडेना, तर मशीन म्हणतं सापडत नाही. काय सापडत नाही ते नीट सांगत नाही, तेवढा त्याचा दोष. ते फाइलला म्हणतच नव्हतं हो. घरून आणलेल्या फाइलीत पत्त्याच्या शेवटी शेपटी चिकटली होती, मग तोही कसा सापडणार.

मी विचारलं, आणि ओळ काढल्यावर ते फोटो? बाई म्हणाल्या, पत्ताच नाही म्हटल्यावर मशीनने दिसेल त्याच्या हाती कागद दिला, त्याला जे जमतं ते त्याने केलं. त्याच्या भाषेत त्या प्रोग्रामच्या पहिल्या तीन ओळींचा अर्थ एकच, स्क्रीनचा फोटो काढ.

बाईंनी मास्तरांच्या नावाचं एक रिकामं फोल्डर केलं आणि आत पाटी लावली: समजावणारा इथे नाही, डेपोच्या कपाटात नवा आहे, तिकडे जा. मी काढलेली ओळ परत घातली. चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो. त्यांना हे कुणी शिकवलं? मास्तरांनी. मशीन बदललं की ते केबिनमध्ये येऊन हेच करायचे, आणि बाई विचारायच्या, काय करताय.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६

पाच वाजता चार्ट आला. बोर्डापुढे उभा राहून पूर्ण वाचला. बहात्तर नावं. सगळे सापडले.

हजेरीची नोंद पाहिली. पाच वाजून शून्य मिनिटं, माझं नाव. पण एकसष्ट प्रोग्राम एकसष्ट वेळा मास्तरांच्या दारावर जाऊन, पाटी वाचून, पुढे गेले. मला आतून ते पावलांसारखं ऐकू येत होतं. येत नव्हतं. नियम एक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आदेश आला. कॉम्प्युटरची खोली: प्रमुख, टाइमकीपर बाई. सहायक, मी. केबिनचं कामही त्या पाहतील.

बायको म्हणाली, वाईट वाटतंय ना? मी म्हणालो, व्यापक दृष्टीने पाहिलं तर ही टप्प्याटप्प्याची योजना आहे, बाईंना तांत्रिक आधार लागणारच, तेव्हा व्यवहारात दोन प्रमुख. ती म्हणाली, भाजी गरम करते.

बाईंनी पहिलं काम दिलं. मास्तरांच्या पाटीवर किती दिवस चालवायचं? एकसष्टही फाइलींची पहिली ओळ बदला, कायमचा पत्ता घाला. सावकाश करा, म्हणाल्या. अडलं तर विचारा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४

एकसष्टही झाल्या. न विचारता.

काय पत्ता घालावा यावर तीन दिवस विचार केला. डेपोचं सामाईक कपाट हा सरळ मार्ग होता. पण बारकाईने पाहिलं तर मास्तरांची पद्धत चूक नव्हती. प्रोग्राम ज्याच्या जबाबदारीवर चालतो, समजावणारा त्याच्या घरात असावा. म्हणून मशीनवर माझं एक नवं फोल्डर केलं, समजावणारा त्यात बसवला, आणि एकसष्ट ओळींत तो पत्ता घातला. फोल्डरला नाव दिलं 'सहायक प्रमुख'. आदेशात हे शब्द शेजारी शेजारी नाहीत, पण दोन्ही आहेत.

मग बाईंनी केलेलं मास्तरांचं रिकामं फोल्डर काढून टाकलं. या वेळी उभा राहिलो नाही.

उद्या पहाटे पाचपासून, मी असो नसो, रोज एकसष्ट वेळा मला हाक मारली जाईल. हे लिहिताना काचेवर पाणी उतरत होतं. पलीकडे कुणी नव्हतं. मुद्दाम पाहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.२०

चार्ट आला नाही.

बाईंनी पहिली ओळ वाचली आणि हळूच विचारलं, नावात मध्ये जागा का सोडलीत? पहिल्या ओळीतला पत्ता मशीन पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच वाचतं. पुढचं त्याच्या लेखी पत्ता नसतो.

म्हणजे त्याने वाचलं 'सहायक'. तिथपर्यंत गेलं. मग सांगितलं, असं कुणी इथे नाही.

बोर्डापुढे ड्रायव्हर जमले होते. बाईंनी कॅलेंडर उलटं केलं आणि रेघा मारायला घेतल्या. पट्टी मी धरली.